घाटावरच्या जुन्या बाजाराची मोजणी बुधवारीच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या गोदाघाटावर दर बुधवारी भरणाऱ्या आठवडे बाजारात भाजीपाला, कडधान्ये आणि मसाले यांच्या गर्दीतून पुढे गेले की जुन्या वस्तू विकणाऱ्यांची दुकाने लागतात. दुकान म्हणजे अंथरलेले पोते किंवा ताडपत्री, तिच्यावर मांडलेली हत्यारे, भांडी, कुलपे, कपडे, पादत्राणे, आणि डोक्यावर असलीच तर एखादी छत्री. सिंहस्थाच्या निमित्ताने घाटावरच्या प्रत्येक जागेचा विचार होणार हे उघड आहे, आणि त्या विचारात ही माणसे कोणाच्याच यादीत नसतील, अशी भीती मला वाटते. त्यांची पथविक्रेते म्हणून कायद्याप्रमाणे नोंद व्हावी आणि त्यासाठीची मोजणी बाजार भरलेला असताना, म्हणजे बुधवारीच केली जावी, ही विनंती आपल्या वृत्तपत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचावी म्हणून हे लिहीत आहे.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालो. माझा नातू यंदा आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेत आहे. संस्थेत हत्यारे असतात, परंतु घरी सराव करायचा तर स्वतःची हवीत, आणि नव्या हत्यारांचा सगळा संच एका दमात विकत घेणे आमच्या घराला जमणारे नव्हते. म्हणून मार्चमधल्या एका बुधवारी, त्याला सुट्टी असताना, आम्ही दोघे सकाळी लवकर नाशिकरोडहून बसने निमाणीला उतरलो आणि पंचवटी कारंजावरून, मालेगाव स्टँडचा उतार उतरून, घाटावर पोहोचलो. रामकुंडावर स्नानाची आणि श्राद्धविधीची माणसे होती. दुतोंड्या मारुतीपासून खाली गाडगे महाराज पुलाच्या दिशेने चालत गेल्यावर बाजाराचा आवाज ऐकू येऊ लागला. सकाळी सातला पोहोचलेले आम्ही दुपारी दोनपर्यंत तेथे होतो, आणि एवढ्या वेळात आम्ही हत्यारांच्या, भांड्यांच्या आणि नाण्यांच्या दुकानांपलीकडे फारसे गेलोच नाही.

हत्यारांच्या पहिल्याच दुकानावर दोन तास गेले. हातोड्या, कानशी, छिन्न्या, पाने, गिरमिटे, रंधे, टॅप आणि डाय, ड्रिल, कॅलिपर, आणि एका डब्यात पंच. हा माल कोठून येतो हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. लहान वर्कशॉप बंद पडले, एखाद्या कारागिराचे निधन झाले, किंवा मुलांनी वडिलांचा धंदा सोडला, की पेटी भंगारवाल्याकडे जाते. भंगारवाला लोखंड म्हणून किलोवर घेतो, आणि त्यातून अजून चालण्यासारखे जे असेल ते हे विक्रेते निवडून, गंज काढून, तेल लावून येथे आणतात. ही निवड करणे सोपे नाही. वितळवण्याच्या लायकीचे आणि वापरण्याच्या लायकीचे यांतला फरक ओळखायला हाताला सवय लागते, आणि त्या दुकानदाराच्या हाताला ती होती. झिजलेल्या कानशी त्याने वेगळ्या ठेवल्या होत्या. कानशीचे पोलाद जास्त कार्बनचे असल्यामुळे लोहार त्या घेऊन जातात आणि तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन त्यांच्यापासून छिन्न्या आणि सुऱ्या करतात, हे त्यानेच माझ्या नातवाला समजावून सांगितले.

गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे हत्यार, घेताना मी नातवाला तपासणीची रीत दाखवली. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून पेन्सिलीने एक रेघ ओढायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर कोन नव्वद अंशांचा आहे, आणि त्या फाकल्या तर जेवढे अंतर पडले त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. फळी दुकानदाराने स्वतःहून काढून दिली. पहिला गुण्या चुकीचा निघाला, दुसरा बरोबर निघाला, आणि दुसऱ्यासाठी त्याने पहिल्याइतकेच, म्हणजे एकशेवीस रुपये घेतले. व्हर्नियर कॅलिपर मी उचलला तेव्हा मात्र तो म्हणाला, "काका, हा मापाच्या कामाला घेऊ नका, जबडा मार खाल्लेला आहे. पोराला माप वाचायला शिकवायचं असेल तर न्या." मी जबडे मिटवून उजेडाकडे धरले, तर टोकाशी बारीक फट दिसत होती आणि दोन्ही शून्ये समोरासमोर येत नव्हती. ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारे उपकरण असे निकामी झाले की ते कारखान्यात कोणी ठेवत नाही. परंतु पट्टीवरच्या रेघा कशा वाचायच्या हे शिकण्यासाठी ते पुरेसे आहे, आणि तेवढ्यापुरतेच ते विकणारा माणूस खरे बोलून विकत होता. मी ते साठ रुपयांना घेतले.

पंचांच्या डब्यात एका सेंटर पंचवर, म्हणजे छिद्र पाडण्याआधी धातूवर खूण ठोकण्याच्या टोकदार हत्यारावर, तीन आकडे ठोकलेले होते. आमच्या पिढीत कामगार आपापल्या हत्यारावर हजेरीचा क्रमांक किंवा नावाचे पहिले अक्षर ठोकत असे, म्हणजे बाकावरची हत्यारे मिसळली तरी ज्याचे त्याला ओळखता येई. हा क्रमांक कोणाचा, कोणत्या कारखान्यातला, हे कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. टोक मात्र नीट घासलेले होते, कोन शाबूत होता, आणि डोक्याकडे हातोडीच्या माराने फुललेली कडा वेळच्या वेळी ग्राइंडरवर काढून टाकलेली दिसत होती. तशी ती काढली नाही तर ठोकताना तिचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो. ज्या माणसाने हे हत्यार वापरले, त्याने ते शिस्तीने वापरले होते. नातवाने तोच पंच निवडला. त्याच्या पेटीत आज सगळ्यात आधी हात जातो तो त्याच पंचकडे.

त्याच दुकानावर पेठ आणि सुरगाणा भागातली चार-पाच माणसे द्राक्षछाटणीच्या कात्र्या पाहत होती. आपल्या जिल्ह्यातील द्राक्षबागांची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. या दोन्ही हंगामांना डोंगराकडच्या तालुक्यांतून मजूर निफाड-दिंडोरीकडे उतरतात, आणि कात्री ज्याची त्याची स्वतःची असली तर काम लवकर मिळते. नवी चांगली कात्री घेणे त्यांच्यापैकी प्रत्येकाला परवडत नाही. येथे जुन्या कात्रीची स्प्रिंग बदललेली असते, पाते सहाणेवर लावलेले असते, आणि धार बघायला दुकानदार द्राक्षाची वाळकी काडी हातात देतो. काडी स्वच्छ कापली गेली, साल चेपली गेली नाही, तर सौदा होतो. ज्यांना हा बाजार म्हणजे टाकाऊ मालाची अडगळ वाटते, त्यांनी एप्रिलच्या आधीच्या बुधवारी येऊन या कात्र्या कोण घेतो ते पाहावे. द्राक्षाच्या हंगामाची तयारी ज्या ज्या ठिकाणी होते, त्यांतले हे एक ठिकाण आहे.

भांड्यांची दुकाने बहुतेक स्त्रियांची आहेत. घंगाळे, तपेल्या, कळश्या, पराती, पानाचे डबे, अडकित्ते, समया, एक तांब्याचा पाणी तापवण्याचा बंब. स्टेनलेस स्टील घराघरांत आल्यावर तांब्यापितळेची भांडी माळ्यावर गेली, आणि माळे असलेली घरे पाडून सदनिका झाल्यावर ती मोडीत निघाली. आमच्याही घरात तेच झाले. २००९ साली जुने घर सोडताना आम्ही आईची सर्व भांडी एका मोडवाल्याला वजनावर दिली. घाई होती, जागा नव्हती, आणि त्या वेळी मला त्याचे काही वाटले नाही. या बुधवारी एका कळशीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे मी वाचली: "आत्याकडून सप्रेम भेट, वैशाख शके १८८५". म्हणजे १९६३ साल. लग्नात दिलेल्या भांड्यांवर अशी नावे घालून घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र होती, आणि भांडी बाजारात हातोडी व टोच्या घेऊन नावे घालणारे कारागीर बसत. ती कळशी आमच्या घरातली नव्हती. तरी मी ती खाली ठेवू शकलो नाही.

विकणाऱ्या बाईंनी ती आधी नखाने वाजवून दाखवली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कांसे म्हणजे तांबे आणि कथील. कांशाचा नाद लांबतो, पितळेचा लवकर विरतो, आणि भेग गेलेले भांडे कोणत्याही धातूचे असो, बद्द वाजते. "बाबा, बुडाला डाग दिलेला आहे, पाणी ठेवून बघा, मग पैसे द्या," असे त्या म्हणाल्या आणि शेजारच्या चहावाल्याकडून पाणी आणून त्यांनी कळशी भरून दहा मिनिटे आमच्यासमोर ठेवली. गळाली नाही. त्यांच्या दुकानापासून थोड्या अंतरावर कल्हईवाले चाचा भट्टी लावून बसतात. भांडे तापवायचे, आत नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची, आणि ते वितळताच कापसाच्या बोळ्याने भांडेभर फिरवायचे. पांढऱ्या धुराचा एक लोट उठतो आणि काळपट पितळ आतून चांदीसारखे होते. ताक, चिंच, आमसूल असे आंबट पदार्थ तांब्यापितळेत कळकतात म्हणून ही कल्हई लागते. माझ्या नातवाने ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्याने चाचांना विचारले की धातूवरचा मळ नवसागराने निघतो का, म्हणजे सोल्डरिंगच्या फ्लक्ससारखे त्याचे काम आहे का, तेव्हा चाचा म्हणाले, "तुला समजलं, बेटा." जो प्रश्न त्याला वर्गात पडला नव्हता तो भट्टीसमोर पडला, याचे मला मोल वाटते.

जुन्या कपड्यांविषयी थोडेच लिहितो. सकाळी गल्लोगल्ली फिरून कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणींना आपण सर्वांनी पाहिले आहे. ते कपडे निवडून, बटणे लावून, उसवलेले शिवून, इस्त्री करून येथे येतात. त्या दिवशी एका बांधकाम मजुराने पन्नास रुपयांत दोन सदरे घेतले.

नाण्यांच्या दुकानावर मात्र मला नातवाला सावध करावे लागले, आणि या बाजाराची बाजू मांडताना त्यातले दोष लपवणे मला योग्य वाटत नाही. तेथे १९४३ ते १९४७ या काळातले भोकाचे पैसे होते, १९५७ साली दशमान पद्धत आल्यानंतरचे नवे पैसे होते, कमळाचे पितळी वीस पैसे होते. ही सगळी खरी आणि स्वस्त नाणी. त्यांच्याच शेजारी ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून १८१८ हे साल आणि रामसीतेचे चित्र असलेले मोठे नाणे ठेवलेले होते. कंपनीने असे नाणे कधीही काढले नाही. रामकुंडावर आलेले भाविक श्रद्धेने ते घेतात आणि सांगितलेली किंमत देतात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः याच घाटावर चांदीचा म्हणून एक रुपया सहाशे रुपयांना घेतला आणि घरी येऊन वजन केल्यावर तो खोटा निघाला. ब्रिटिश काळातील चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असते, आणि १९४० मध्ये त्यातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले, एवढी माहिती व एक लहान वजनकाटा जवळ असता तर माझे पैसे वाचले असते. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आपले नाव वापरून लोकांना फसवले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनेही २०२१ साली दिलेला आहे. आपल्या शहराजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय १९८० पासून आहे. नाशिकच्याच टांकसाळीतले, 'गुलशनाबाद' हे या शहराचे मुघलकालीन नाव धारण करणारे मराठेशाहीतील रुपये अभ्यासकांना परिचित आहेत. ज्या गावाला एवढा नाण्यांचा वारसा आहे, तेथे बाजाराच्या दिवशी खरे-खोटे ओळखण्याच्या चार सोप्या खुणा सांगणारा एक फलक लावणे अवघड नसावे.

जुना बाजार म्हटले की चोरीच्या मालाचा संशय येतो, हेही मी जाणतो. तो संशय दूर करण्याचा खात्रीचा मार्ग नोंदणी हाच आहे. ज्याच्याकडे विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र आहे, ज्याची बसण्याची जागा ठरलेली आहे, त्याला पुढच्या बुधवारी पुन्हा तेथेच बसायचे असते. त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूची चौकशी करता येते. आज एकालाही कागद नाही म्हणून प्रामाणिक आणि अप्रामाणिक यांना आपण एकाच नजरेने पाहतो. त्याचप्रमाणे, शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, हे या विक्रेत्यांना कोणी तरी समजावून सांगायला हवे. जुने वाडे उतरवताना पोथ्यांची बोचकी रद्दीबरोबर येतात. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. अशा पोथ्या रद्दीच्या भावाने फाटून जाण्याआधी कोणा जाणत्याच्या नजरेखालून गेल्या पाहिजेत, आणि त्यासाठी विक्रेत्याशी ओळख असावी लागते. एक गोष्ट मात्र ताबडतोब थांबली पाहिजे. तांब्यासाठी विजेच्या तारा नदीकाठी जाळण्याचा प्रकार मी त्या दिवशी पाहिला. तो धूर विषारी असतो आणि त्याची राख पहिल्याच पावसात गोदावरीत जाते.

आता मूळ मुद्दा. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा आणि पथविक्रीच्या विनियमनाचा कायदा २०१४ साली संसदेने केला. त्याप्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने किमान दर पाच वर्षांनी सर्व विद्यमान विक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे असते, आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. त्यानंतरही हटवायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला माल, तो नाशवंत नसेल तर, मागणी आणि ठरलेले शुल्क भरल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आणखी एक तरतूद आहे, जी मला या पत्रासाठी सर्वांत महत्त्वाची वाटते: ज्या नैसर्गिक बाजारांत, म्हणजे विक्रेते आणि ग्राहक पूर्वापार आपोआप जमत आलेल्या ठिकाणी, पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आहेत, ते वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तेथील विक्रेत्यांना स्थलांतरित करू नये.

पन्नास वर्षांची साक्ष मी स्वतः देऊ शकतो. १९६८ साली, मी आठ वर्षांचा असताना, सुतारकाम करणाऱ्या माझ्या आजोबांचा हात धरून मी या बाजारात आलो होतो. त्यांनी लाकूड तासण्याचा एक जुना वाकस घेतला होता आणि घरी येऊन त्याला बाभळीचा नवा दांडा बसवला होता. पुढच्याच वर्षीचा १९६९ चा महापूर जुन्या नाशिककरांना आठवत असेल. पाणी ओसरल्यावर घाटावर साचलेला गाळ खोऱ्याने बाजूला करून माणसे पुन्हा बसलेली मी पाहिली आहेत. आजही पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की हे विक्रेते दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी मूर्तीच्या पायांशी आहे की गुडघ्यापर्यंत चढले आहे, यावरून माल आवरायचा की नाही हे ठरते. माझ्यासारखे साक्षीदार या शहरात अनेक असतील. त्यांच्याकडची जुनी छायाचित्रे, बाजार फीच्या पावत्या आणि आठवणी गोळा करून समितीपुढे ठेवल्या, तर हा बाजार वारसा बाजार ठरण्यास अडचण पडू नये.

अडचण पडेल ती मोजणीत. भाजी विकणाऱ्यांपैकी अनेक जण शहरात इतर दिवशीही कोठे ना कोठे गाडी लावतात, त्यामुळे ते कोणत्या तरी यादीत येतात. जुन्या वस्तूंचे विक्रेते मात्र बाजारामागून बाजार फिरतात. कळशी विकणाऱ्या त्या बाई सोमवारी देवळाली गावच्या बाजारात आणि रविवारी सिन्नरला बसतात. बुधवार हा त्यांचा नाशिकचा वार. गुरुवारी किंवा शुक्रवारी कोणी अधिकारी वही घेऊन घाटावर आला तर त्याला मोकळी फरशी दिसेल, आणि जे दिसले नाही ते नव्हतेच, असा अर्थ कागदावर उमटेल. शिवाय मोजणीच्या वेळी आधार कार्डावरचा पत्ता नाशिकचा नाही म्हणून यांतल्या निम्म्यांना वगळले जाऊ शकते. आठवडे बाजाराचा विक्रेता गावाबाहेरचाच असतो; तो बाहेरून येतो म्हणूनच त्या बाजाराला आठवडे बाजार म्हणतात. तेव्हा राहण्याचा पत्ता न पाहता विक्रीचा वार आणि जागा पाहून त्यांची नोंद झाली पाहिजे.

सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि पुढच्या वर्षी पर्वस्नाने आहेत. त्या दिवसांत घाटावर लाखो भाविक येतील आणि बाजाराला तेथे जागा असणार नाही, हे मान्य करण्यात कोणालाच अडचण नसावी. मी त्या दिवशी पाचसहा विक्रेत्यांशी बोललो, त्यांनाही ते मान्य आहे. त्यांचे म्हणणे एवढेच की कोणत्या बुधवारी बसायचे नाही हे एक महिना आधी सांगावे, त्या बुधवारांपुरती दुसरी जागा दाखवावी, आणि मेळा संपल्यावर आपली मूळ जागा परत मिळेल असे लेखी द्यावे. बाजार फी त्यांच्याकडून घेतली जाते, मग तिची पावतीही मिळावी, कारण उद्या पुरावा म्हणून तीच कामाला येते. स्त्री विक्रेत्यांसाठी जवळ स्वच्छ स्वच्छतागृह नाही. सकाळी सहापासून बसलेल्या बाई दुपारपर्यंत पाणी पिण्याचे टाळतात, हे त्यांनी मला सांगितले तेव्हा मार्चचे ऊन डोक्यावर होते आणि त्यांच्या ताडपत्रीवरची पितळ हात लावता येणार नाही इतकी तापली होती. घाटाची कामे होतच असतील तर त्यांत थोडी सावली, पाण्याचा एक नळ आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांचा समावेश करता येईल.

आम्ही दोन वाजता निघालो तेव्हा पिशवीत एक हातोडी, एक गुण्या, दोन कानशी, तो व्हर्नियर, तो पंच आणि ती कळशी होती. कळशी सोडून सगळ्याचे मिळून पाचशे चाळीस रुपये झाले. कळशीचे किती झाले ते लिहीत नाही, कारण मी घासाघीस केली नाही.

मोजणीची तारीख ठरली की ती आपण मंगळवारच्या अंकात ठळकपणे छापावी, ही माझी आपल्याकडे स्वतंत्र विनंती आहे. बुधवारी सकाळी तो अंक घेऊन मी घाटावर जाईन आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाला ती बातमी वाचून दाखवीन.

आपला,
एक वाचक, नाशिकरोड